फिटची गोळी रक्तात कधी चढते, कधी उतरते: गोळ्यांच्या वेळा, चुकलेला डोस आणि लेव्हलची तपासणी

फिटच्या गोळ्या चालू असलेल्या घरात मिलिग्रॅम सगळ्यांना पाठ असतात. पाचशेची सकाळ-संध्याकाळ, शंभरच्या तीन रात्री, हे आजीपासून शाळकरी पोरापर्यंत कुणीही सांगतं. पण शेवटची गोळी किती वाजता घेतली असं विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. मी अंबाजोगाईच्या बाजूला मेडिकल चालवतो. या गोळ्या नेणाऱ्यांच्या बऱ्याचशा अडचणी शेवटी घड्याळापाशीच येऊन थांबतात, असा माझा अनुभव आहे. गोळीचं काम चालतं ते रक्तातल्या तिच्या पातळीवर, आणि ही पातळी दिवसभर एकसारखी राहत नाही. गोळी घेतली की चढते, मग उतरत जाते. पुढची गोळी येण्याआधीचा जो सगळ्यात खालचा बिंदू असतो, तो फार खाली जाऊ द्यायचा नाही, एवढ्यासाठी वेळापत्रक असतं.

डोस ठरवणं, वाढवणं, कमी करणं हे डॉक्टरांचं काम आहे आणि हा लेख वाचून कुणी त्यात हात घालू नये. ठरलेला डोस रक्तात नीट टिकवणं मात्र घरच्यांच्या हातात असतं.

सुरुवात पाकिटापासून करा

पाकिटाच्या मागच्या बाजूला कंपनीच्या नावाखाली बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं. ते वहीत उतरवून घ्या. इप्टॉइन म्हणजे फेनिटॉइन, टेग्रेटॉल म्हणजे कार्बामाझेपिन, एन्कोरेट म्हणजे व्हॅल्प्रोएट, लेव्हीपिल म्हणजे लेव्हेटिरासेटाम, गार्डिनल म्हणजे फेनोबार्बिटोन, फ्रिझियम म्हणजे क्लोबाझाम. लॅमोट्रिजिन हेही अलीकडे बरंच चालतं. नावाच्या शेवटी सीआर, ईआर किंवा क्रोनो लिहिलेलं असेल तर तेही उतरवा. ही गोळी हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते. ती कुटून, चावून किंवा पाण्यात विरघळवून दिली तर दिवसभर पुरायचं औषध तासाभरात रक्तात येतं. आधी गुंगी, आणि पुढची वेळ यायच्या आत पातळी तळाला. म्हाताऱ्या माणसाला गिळायला जमत नसेल तर डॉक्टरांकडून सिरप लिहून घ्या, खलबत्ता काढू नका. अशी गोळी अर्धी करायची असेल तर तिच्यावर खाच हवी आणि डॉक्टरांनी तसं सांगितलेलं हवं.

सिरपची एक वेगळी गंमत आहे. फेनिटॉइनचं सिरप न हलवता दिलं तर औषध तळाशी बसतं. बाटली नवी असताना पोराला नुसतंच गोड पाणी मिळतं आणि बाटली संपत आली की तेच पोर पेंगायला लागतं, डोलायला लागतं. डोस तोच, चमचा तोच. बाटली दर वेळी जोरात हलवा आणि घरच्या चमच्याऐवजी खुणा असलेली सिरिंज वापरा.

गोळी पोटात गेल्यावर काय होतं

लेव्हेटिरासेटामचं उदाहरण घेऊ, कारण याचा हिशोब सरळ आहे. समजा साठ किलोचा माणूस आहे, मूत्रपिंडं ठणठणीत आहेत आणि ५०० ची गोळी सकाळी आठला आणि रात्री आठला घेतो. गोळी घेतल्यापासून साधारण तासाभरात पातळी सगळ्यात वर जाते. दोन-तीन दिवस नियमित घेतल्यावर हा वरचा आकडा अंदाजे २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर येतो. मग उतार सुरू होतो. मोठ्या माणसात या औषधाचं अर्धायुष्य ६ ते ८ तास असतं, म्हणजे तेवढ्या वेळात पातळी निम्मी होते. रात्री आठच्या गोळीआधी ती ६ च्या आसपास असते. गोळी घेतली की पुन्हा २०. रोज हेच.

आता हाच माणूस रात्रीची गोळी आठऐवजी बाराला घेतो. तोवर पातळी ४ वर आलेली असते. अजिबातच घेतली नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी आठला जेमतेम २ उरते. पाचशेची गोळी चालू आहे म्हणून घरचे निश्चिंत, आणि रक्तात मात्र नेहमीच्या तळाचाही तिसरा हिस्सा. त्यात रात्रीचं जागरण झालेलं असेल तर फिटला आणखी काय पाहिजे?

प्रत्येक औषधाचा उतार वेगळा असतो. व्हॅल्प्रोएटचं अर्धायुष्य ९ ते १६ तास. त्याच्या आवरणवाल्या गोळ्या पोटात न विरघळता आतड्यात विरघळतात, म्हणून गोळी घेतल्यावर चढ सुरू व्हायलाच वेळ लागतो. लॅमोट्रिजिन एकटं असेल तर साधारण २५ ते ३० तास. सोबत व्हॅल्प्रोएट असेल तर त्याच्या दुपटीच्या आसपास. फेनोबार्बिटोन मोठ्या माणसात तीन-चार दिवस. त्याची एक रात्र चुकली तर पातळी पंधरा टक्क्यांच्या आसपासच घसरते, फरक जाणवतही नाही. इथेच लोक फसतात. एक दिवस चुकली, काही झालं नाही. दोन दिवस चुकली, तरी काही नाही. मग आठवडाभर राहते आणि आठव्या-नवव्या दिवशी फिट येते, तेव्हा कुणाला गोळी आठवत नाही. सगळे बाहेरचं काहीतरी लागलं म्हणून दृष्ट काढायला निघतात.

लहान मुलांचं शरीर किलोमागे औषध लवकर संपवतं. "एवढ्याशा लेकराला एवढा डोस?" हा प्रश्न मला नेहमी ऐकू येतो. मुलांना वजनाच्या मानाने जास्त औषध लागतं आणि वजन वाढलं की डोसही बदलावा लागतो. दोन वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवर मुलाला औषध नेणाऱ्या पालकांनी ती आधी डॉक्टरांना दाखवावी. नवजात बाळांत याच्या उलट असतं, तिथे औषध हळू संपतं.

पहिल्या आठवड्यात निकाल मागू नका

नवीन गोळी सुरू केली किंवा डोस बदलला की पातळी एका दिवसात स्थिर होत नाही. एका अर्धायुष्यानंतर ती अंतिम पातळीच्या ५० टक्के होते, दोनानंतर ७५, तीनानंतर ८७, चारानंतर ९४ आणि पाचानंतर ९७. म्हणून डॉक्टर पाच अर्धायुष्यं थांबतात. लेव्हेटिरासेटामला दोन दिवस पुरतात, व्हॅल्प्रोएटला तीन-चार. एकट्या लॅमोट्रिजिनचा आठवडा जातो आणि फेनोबार्बिटोनचे दोन ते तीन आठवडे. "चार दिवस घेतली, गुण आला नाही, डॉक्टर बदलला" असं करणारे लोक औषध चढायच्या आधीच ते सोडून जातात.

कार्बामाझेपिनचा स्वभाव आणखी निराळा. हे औषध यकृतातली स्वतःलाच तोडणारी यंत्रणा वाढवतं. सुरुवातीला त्याचं अर्धायुष्य २५ ते ६५ तास असतं. तीन ते पाच आठवड्यांत ते १२ ते १७ तासांवर येतं. त्यामुळे पहिल्या आठवड्यात चक्कर, पेंग. दुसऱ्यात बरं वाटतं. आणि महिन्याच्या शेवटी तोच डोस तोकडा पडून फिट येऊ शकते. औषध नकली निघालं असा समज करून घेऊ नका. डोस हळूहळू वाढवत नेण्याचं ठरलेलं असतं ते याचसाठी, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या भेटीची तारीख चुकवू नका.

दवाखान्यात भरती असताना सलाईनमधून एकदम जास्त औषध दिलेलं बघून घरचे गोंधळतात. "तिथं दहा-बारा इंजेक्शनं दिली अन् घरी एकच गोळी?" फिट थांबत नसताना आठवडाभर वाट बघता येत नाही. म्हणून पहिला मोठा डोस शिरेतून देऊन पातळी तासाभरात वर नेतात. फेनिटॉइनचा हा डोस वजनाच्या किलोमागे १५ ते २० मिलिग्रॅम असतो, आणि तो सावकाश, हृदयाचे ठोके बघत दिला जातो. घरची गोळी त्यानंतर ती पातळी टिकवण्यासाठी असते.

वेळा कशा बसवायच्या

दिवसातून दोनदा म्हणजे बारा-बारा तासांनी. सकाळी सातला आणि दुपारच्या जेवणानंतर दोनला घेतली तर गोळ्या दोनच होतात, पण दोनपासून दुसऱ्या दिवशी सातपर्यंत सतरा तासांचा उतार राहतो. रोज न चुकणाऱ्या कामाला वेळ बांधा: सकाळचा चहा, रात्रीच्या बातम्या, जनावरांचं चारापाणी. मोबाइलचा गजर चांगला, पण फोन शेतात आणि गोळी घरात असं होतं. गोळ्यांचा छोटा साठा डब्याच्या पिशवीतही ठेवा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे झाल्याने काही बिघडत नाही.

जेवणाआधी की नंतर, याचा फार बाऊ करू नका. जेवणाने बहुतेक गोळ्यांचा चढ थोडा उशिरा येतो, एवढंच. व्हॅल्प्रोएटने मळमळत असेल तर खाऊन घ्या. काय करायचं ते रोज सारखं करा.

कुणाला गोळी घेतल्यावर एक ते तीन तासांत दुहेरी दिसतं, चक्कर येते आणि मग आपोआप उतरतं. ही शिखराची, म्हणजे पातळी सगळ्यात वर असतानाची, लक्षणं. औषध अंगाला मानवत नाही म्हणून ते सोडण्याआधी लक्षणांची वेळ आणि गोळीची वेळ शेजारी शेजारी लिहून डॉक्टरांना दाखवा. तोच डोस तीन वेळात विभागून किंवा सीआर गोळी देऊन हे शिखर बुटकं करता येतं.

गोळी चुकली तर

"भाऊ, सकाळची गोळी ऱ्हायली पोराची. आता संध्याकाळी दोन दिल्या तर चालंल का?"

"मावशी, आत्ता किती वाजले? दोन ना? मग आत्ताच एक द्या. संध्याकाळची तिच्या वेळेला एकच."

सर्वसाधारण रीत हीच. आठवली की लगेच घ्या. पुढच्या गोळीची वेळ अगदी जवळ आलेली असेल तर चुकलेली सोडून द्या आणि नेहमीची घ्या. दोन एकदम नको. वरच्या उदाहरणातल्या माणसाने २ वर उतरलेल्या पातळीवर एक गोळी घेतली तर ती १६ पर्यंत जाते, दुसऱ्या-तिसऱ्या डोसला गाडी रुळावर येते. दोन घेतल्या तर ३० च्या घरात जाते, नेहमीच्या शिखराच्या दीडपट. लेव्हेटिरासेटामला त्याने झोप आणि चिडचिड होईल. फेनिटॉइनला प्रकरण गंभीर होऊ शकतं. रात्री एकदाच घ्यायची लांब अर्धायुष्याची गोळी असेल तर नियम वेगळा असू शकतो, तो डॉक्टरांना आधीच विचारून वहीत लिहून ठेवा. एकापेक्षा जास्त दिवस चुकली असेल तर स्वतःच्या मनाने सुरू करण्याआधी फोन करा. लॅमोट्रिजिन आठवडाभर सुटलं तर पुन्हा अगदी कमी डोसपासून चढवावं लागतं, नाहीतर अंगावर धोकादायक पुरळ उठण्याची भीती असते.

गोळी घेऊन लगेच उलटी झाली आणि गोळी अख्खीच बाहेर पडलेली दिसली तर ती पुन्हा द्यावी लागते. तासाभराने झालेल्या उलटीला पुन्हा द्यायची गरज सहसा नसते.

फेनिटॉइन घेणाऱ्यांनी इथे थांबून वाचा

हे औषध स्वस्त आहे, जुनं आहे आणि मेरिट आणि पुटनम यांनी १९३८ साली फिटवर त्याचा उपयोग दाखवून दिल्यापासून कोट्यवधी लोकांनी घेतलं आहे. आपल्याकडे सरकारी दवाखान्यापासून खेड्यातल्या मेडिकलपर्यंत सगळीकडे मिळतं. पण त्याचा हिशोब बाकीच्यांसारखा सरळ चालत नाही.

बहुतेक औषधांत डोस दुप्पट केला की पातळी दुप्पट होते. फेनिटॉइन तोडणारी यकृतातली यंत्रणा मात्र दिवसाला ठरावीक मालच उरकू शकते. सोयाबीनच्या हंगामात मोंढ्यात असंच होतं: काट्यावर दिवसभरात जेवढ्या गाड्या मोजून होतात तेवढ्याच आल्या तोवर सगळं सुरळीत, वरच्या चार गाड्या रोज जादा यायला लागल्या की रांग रस्त्यापर्यंत जाते आणि रोज लांबत राहते. साठ किलोच्या माणसासाठी पुस्तकातले सरासरी आकडे घेऊन गणित मांडलं तर असं उत्तर येतं: रोज १०० मिलिग्रॅमवर पातळी १ च्या आसपास, २०० वर ३, ३०० वर ८, ३५० वर १३ आणि ४०० वर २८. शेवटची ओळ पुन्हा बघा. साडेतीनशेवर उत्तम चाललेल्या माणसाला अर्धी गोळी वाढवली आणि पातळी दुपटीहून वर गेली. हे आकडे माणसागणिक बदलतात; कुणाची यंत्रणा तीनशेलाच भरते, कुणाची साडेचारशेला. पण वळणाचा आकार हाच. म्हणूनच पातळी उपयोगी टप्प्यात आल्यावर जाणकार डॉक्टर एकदम शंभर न वाढवता २५-३० किंवा फार तर ५० ने वाढवतात. आणि पातळी जितकी वर, तितका तिचा उतारही मंद; सुरुवातीला दिवसाभरात निम्मी होणारी पातळी पुढे तीन-चार दिवस तशीच रेंगाळते. डोस वाढवल्याचे परिणाम दोन-तीन आठवड्यांनी दिसू शकतात, तोवर वाढवल्याची आठवणही राहिलेली नसते.

जास्त झालेलं फेनिटॉइन असं ओळखा. बाजूला बघताना डोळे थरथरतात, हे सहसा २० च्या वर गेल्यावर. ३० च्या वर चालताना तोल जातो. ४० च्या वर बोलणं जड होतं, गुंगी येते. गावात लोक "प्यालाय" म्हणून मोकळे होतात. दारूला न शिवणाऱ्या पोराला बापाने मारल्याचं मी स्वतः ऐकलं आहे, आणि ते पोर बिचारं नव्या डोसवर होतं. फार वर गेलेल्या पातळीने फिटही वाढू शकतात. अशा वेळी फिट आली म्हणून आणखी गोळी देणं म्हणजे उलटंच. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा आणि लेव्हल, म्हणजे रक्तातल्या औषधाच्या पातळीची तपासणी, करून घ्या.

लेव्हलची तपासणी: कधी आणि कशी

दर तीन महिन्यांनी सवय म्हणून लेव्हल करण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. फिट नाहीत, त्रास नाही, गोळ्या नियमित आहेत, तर ते पैसे पुढच्या महिन्याच्या औषधाला ठेवा. गोळ्या नियमित घेऊनही फिट येणं, जास्त डोसची लक्षणं दिसणं, फेनिटॉइनचा डोस बदलणं, दुसरं मोठं औषध सुरू किंवा बंद होणं, गरोदरपण, यकृत किंवा मूत्रपिंडाचा आजार, ही तपासणीची खरी कारणं.

डोस बदलून पातळी स्थिर होण्याइतके दिवस गेलेले असावेत. रक्त सकाळच्या गोळीच्या आधी द्यायचं. गोळी खिशात घेऊन लॅबमध्ये जा, रक्त दिल्या दिल्या तिथेच घ्या, वेळ टळू देऊ नका. उपाशी राहायची गरज नाही. लेव्हेटिरासेटाम, व्हॅल्प्रोएट आणि कार्बामाझेपिनला हे फार महत्त्वाचं, कारण लेव्हेटिरासेटामच्या आपल्या उदाहरणातल्या माणसाने गोळी घेऊन तासाभराने दिलेल्या रक्तात २० दिसेल आणि आधी दिलेल्यात ६. माणूस तोच, दिवस तोच. फेनोबार्बिटोन इतकं सावकाश उतरतं की वेळेने विशेष फरक पडत नाही. फेनिटॉइन रात्री एकदाच घेत असाल तर सकाळचं रक्त चालतं, फक्त दर वेळी त्याच सुमाराला द्या. जास्त डोसची लक्षणं असतील किंवा नुकतीच फिट येऊन गेली असेल तर मात्र ठरलेल्या वेळेची वाट बघू नका, लगेच रक्त द्या आणि घड्याळ लिहून ठेवा.

तालुक्याच्या गावात नमुना बहुतेकदा मोठ्या शहरात पाठवला जातो, आणि फॉर्मवर कुणी वेळ लिहीत नाही. म्हणून आपली चिठ्ठी आपणच करून न्या. माझ्याकडच्या गिऱ्हाइकांना मी अशी लिहून देतो:

"फेनिटॉइन १०० मिग्रॅ, रात्री ९ ला तीन गोळ्या. हा डोस चालू होऊन एक महिना. शेवटचा डोस काल रात्री ९.१०. रक्त काढलं आज सकाळी ८.३०. मागच्या आठवड्यात दोन वेळा चुकली. सोबत टीबीची औषधं चालू."

दोन वेळा चुकली हे लिहायला लाजू नका. ते लपवलं की पातळी कमी दिसते, डॉक्टर डोस वाढवतात, आणि मग तुम्ही नियमित घ्यायला लागलात की पातळी वर उसळते.

रिपोर्ट हातात आल्यावर

छापील टप्पे मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये साधारण असे असतात: फेनिटॉइन १० ते २०, कार्बामाझेपिन ४ ते १२, व्हॅल्प्रोएट ५० ते १००, फेनोबार्बिटोन १५ ते ४०, लेव्हेटिरासेटाम १२ ते ४६. आपल्या उदाहरणातल्या माणसाचा ६ हा आकडा "कमी" म्हणून ठळक छापून येईल. त्याला वर्षभर फिट आलेली नसेल तर त्या ठळक अक्षरांना घाबरून डोस वाढवायचं कारण नाही. टप्पा हा अनेक रुग्णांवरून काढलेला अंदाज आहे. तुम्हाला फिट येत नव्हत्या आणि त्रासही नव्हता त्या दिवसातली पातळी हा तुमचा स्वतःचा टप्पा. तो रिपोर्ट जपून ठेवा, पुढे अडचण आली तर डॉक्टर त्याच्याशी ताडून बघतील.

अंगावर सूज असलेल्या, कुपोषित, यकृताच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या बाबतीत फेनिटॉइनचा आकडा फसवा असतो. हे औषध ९० टक्के रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून राहतं आणि उरलेलं मोकळं औषधच काम करतं. अल्ब्युमिन कमी असलं की मोकळा हिस्सा वाढतो, पण लॅब एकूण आकडा सांगते. अल्ब्युमिन २ (ग्रॅम प्रति डेसिलिटर) असताना रिपोर्टवर आलेले ८ हे नेहमीच्या सूत्राने १६ च्या बरोबरीचे ठरतात. अशा रुग्णाने लेव्हलसोबत अल्ब्युमिनही करून घ्यावं. फेनिटॉइनसोबत व्हॅल्प्रोएट चालू असेल तरी हाच घोळ होतो.

दुसरी औषधं मध्ये आली की

आपल्या भागात सगळ्यात जास्त बघावं लागतं ते टीबीचं औषध. नेहमीचा कोर्स सहा महिन्यांचा. त्यातलं रिफाम्पिसिन फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, व्हॅल्प्रोएट आणि लॅमोट्रिजिनची पातळी खाली ओढतं. आयसोनियाझिड फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिनची वर ढकलतं. दोन्ही एकत्र असल्यावर काट्याचा कल कुठे जाईल ते माणसावर अवलंबून. म्हणून कोर्स सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी लेव्हल करा आणि कोर्स संपल्यावरही करा. संपल्यावरची तपासणी हमखास राहून जाते, आणि तेव्हाच पातळी पुन्हा हलते. लेव्हेटिरासेटाम या भानगडीपासून बरंचसं अलिप्त आहे, त्याला मूत्रपिंडाची काळजी.

घशाच्या किंवा छातीच्या आजारावर दिलेलं क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन कार्बामाझेपिनची पातळी काही दिवसांत चढवतं. मोठ्या दवाखान्यात भरती असताना मेरोपेनेम चालू झालं तर व्हॅल्प्रोएटची पातळी एक-दोन दिवसांत कोसळते. भरती करतानाच फिटच्या गोळ्यांची नावं सांगा. पित्ताची पातळ औषधं आणि फेनिटॉइन यांच्यात दोन तासांचं अंतर ठेवा.

बायांसाठी: फेनिटॉइन, कार्बामाझेपिन आणि फेनोबार्बिटोनमुळे माला-डीसारख्या गर्भनिरोधक गोळ्या निकामी ठरू शकतात, तांबीला त्याने काही होत नाही. उलट बाजूने, या गर्भनिरोधक गोळ्यांतलं इस्ट्रोजेन लॅमोट्रिजिनची पातळी जवळपास निम्म्यावर आणतं. गरोदरपणात लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरासेटाम दोन्हींची पातळी उतरते, म्हणून दिवस राहण्याआधीची एक लेव्हल हाताशी असलेली बरी. बाळंतपणानंतर पातळी लवकर वर येते आणि वाढवलेला डोस परत उतरवावा लागतो. व्हॅल्प्रोएटने गर्भाला व्यंगाचा धोका असतो. लग्नाच्या वयाच्या मुलीला ते चालू असेल तर लग्न ठरायच्या आधी डॉक्टरांशी बोला, दिवस गेल्यावर घाबरून गोळी फेकू नका.

ऊसतोड, रोजे, उपवास

दिवाळीच्या सुमाराला बीड, धाराशिव भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात त्या गुढीपाडव्याच्या आसपास परततात. तोडीवर रात्री तीनला उठावं लागतं, त्यामुळे घरी बसवलेल्या वेळा मोडतात आणि झोपही अर्धी होते. निघण्याआधी डॉक्टरांना सांगून वेळा नव्याने बसवा, उदाहरणार्थ पहाटे चार आणि दुपारी चार. रिकामं पाकीट आणि चिठ्ठी जवळ ठेवा, म्हणजे कारखान्याच्या गावातला मेडिकलवाला तेच औषध देईल. कोपीत, म्हणजे तोडीवरच्या झोपडीत, गोळ्या पाकिटातच राहू द्या, घट्ट झाकणाच्या डब्यात, चुलीपासून आणि पाण्याच्या भांड्यापासून लांब. कार्बामाझेपिनच्या गोळ्यांना ओल लागली तर त्या कडक होतात आणि त्यांचा असर एक तृतीयांशापर्यंत घटू शकतो. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत कुठलीच गोळी ठेवू नका.

रमजानमध्ये दिवसातून दोनदा घ्यायची गोळी सहेरी आणि इफ्तारला बहुधा बसते. तीनदा घ्यायची असेल तर मधली राहते आणि उतार लांबतो. रोजे सुरू व्हायच्या तीन-चार आठवडे आधी डॉक्टरांकडे जा; सीआर गोळीवर जाता येतं का ते बघायला आणि ती अंगवळणी पडायला तेवढा वेळ लागतो. नवरात्राच्या उपवासात गोळी पाण्यासोबत घ्यायची, उपवास मोडत नाही. निर्जळी मात्र करू नका.

कंपनी बदलली तर

१९६८ साली ऑस्ट्रेलियात फेनिटॉइनच्या कॅप्सूलमधला भरावाचा पदार्थ बदलला. कॅल्शियम सल्फेटऐवजी लॅक्टोज आलं. मिलिग्रॅम तेच, पण औषध रक्तात जास्त शोषलं जाऊ लागलं आणि रुग्णांची पातळी विषारी टप्प्यात गेली. आजच्या तपासण्या तेव्हापेक्षा कडक आहेत, आणि स्वस्त जेनेरिक घेण्याला माझा विरोध नाही, मीही देतो. पण फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन दर महिन्याला वेगळ्या कंपनीचं घेऊ नका. एक कंपनी धरा, साठा संपायच्या आठ दिवस आधी सांगा. बदलावीच लागली तर तारीख वहीत लिहा आणि पुढचे दोन-तीन आठवडे तोल, झोप, फिट यांवर नजर ठेवा.

गोळी बंद करताना

दोन वर्षं फिट आली नाही म्हणून घरच्या घरी गोळी थांबवणारे पुष्कळ. पातळी शून्यावर येते तेव्हा मेंदूला त्या औषधाची सवय झालेली असते, आणि अचानक थांबवल्याने लागोपाठ फिट सुरू होऊ शकतात. पाच मिनिटांहून जास्त चाललेली किंवा शुद्ध न येता पुन्हा आलेली फिट ही १०८ ला फोन करायची वेळ. बंद करायचं ठरलंच तर डॉक्टर आजार बघून काही महिन्यांत पायरीपायरीने डोस उतरवतात. फेनोबार्बिटोन आणि क्लोबाझामच्या बाबतीत पायऱ्या आणखी लहान आणि काळ आणखी लांब असतो. या काळात मोटारसायकल, विहिरीवर एकट्याने जाणं आणि झाडावर चढणं बंद ठेवा, शेवटची गोळी थांबल्यानंतरचे काही महिनेसुद्धा.